डॉ. चोळकरांचं नाव नागपुरातच कोणाला माहीत नाही, हे बरोबर आहे का?

महालकर:
भाच्याचा शाळेचा प्रोजेक्ट होता, डॉ. कोटणिसांवर. सोलापूरचे कोटणीस त्याला माहीत, पण त्यांच्यासोबत आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर पण चीनला गेले होते म्हटलं तर घरातले सगळे माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. १९३८ ची गोष्ट आहे. जपाननं चीनवर हल्ला केला होता, जपानी फौजेनं नानजिंग शहरात केलेली कत्तल होऊन वर्षही झालं नव्हतं, चीनमधून नेहरूंकडे मदत मागणारं पत्र आलं, तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू, वर्गणी गोळा झाली आणि पाच डॉक्टर निघाले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. चोळकर उपप्रमुख होते. आपण स्वतः गुलाम होतो हो, तरी दुसऱ्याच्या जखमांना पट्टी बांधायला माणसं पाठवली. आपल्या मेडिकल कॉलेजमधल्या एखाद्या हॉलला तरी त्यांचं नाव द्यावं असं मला मनापासून वाटते.

खामलावाला:
भाऊ, तुमच्या भावनेचा आदर आहे पण मी विरोधात आहे. माझा मोठा भाऊ लडाखला पोस्टिंगवर होता, त्या वर्षी आईनं रात्र रात्र झोप घेतली नाही. लडाखच्या रेझांग ला खिंडीत १९६२ च्या चीन युद्धात ११४ जवान गेले, तिथल्याच गलवान खोऱ्यात २०२० ला चिनी फौजेशी झटापटीत २० गेले. ज्या फौजेला या डॉक्टरांनी जगवलं तीच फौज पुढे आपल्यावर चालून आली. कोटणीस तर १९४२ मध्ये तिथल्या कम्युनिस्ट पार्टीचे मेंबर झाले. अन् चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणिसांच्या घरच्यांना भेटत आले, फोटो काढत आले आणि सीमेवर मात्र जे करायचं तेच करतात. आपण अजून त्यांना असा आणखी एक फोटो कशाला द्यायचा?

महालकर:
आईचं वाचून वाईट वाटलं. पण तारखा पाहा ना जरा. १९३८ मध्ये माओचं सरकारच नव्हतं, ते आलं १ ऑक्टोबर १९४९ ला. हे पाच जण गेले तेव्हा च्यांग काय शेकचं राज्य होतं, कम्युनिस्टांची आठवी रूट आर्मी पण जपानविरुद्ध त्याच सरकारच्या फौजेत धरली जायची. आधी ते वूहान, चुंगकिंगकडे होते, कम्युनिस्टांचा तळ असलेल्या येनानला गेले १९३९ मध्ये. कोटणीस १९४२ च्या डिसेंबरमध्ये वारले, वय फक्त ३२. वीस वर्षांनंतरच्या युद्धाचा हिशोब त्यांच्याकडून कसा मागायचा जी?

सदरची वाचक:
मला यात सुभाषबाबूंचं आठवते. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला त्यांनी डॉक्टर पाठवले आणि १९४३ मध्ये इंग्रजांना हाकलायला त्याच जपानच्या मदतीनं आझाद हिंद सेनेचं नेतृत्व हाती घेतलं. त्यांना आपण त्यासाठी कमी लेखतो का? देशाचं हित बदलत जाते. म्हणून खामलावाल्या दादांचं मला अर्धं पटते, आज नाव देताना आजचं हित पाहावंच लागेल, नुसतं इतिहासात होते म्हणून दिलं असं नाही चालत.

इंदोऱ्याहून:
ताई, मग जपानचंच घ्या. त्या काळात चीनमध्ये बॉम्ब टाकणारा देश तोच, आणि आज आमच्या कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार जपानी उपासिकेच्या मदतीनं उभं आहे, तिथे हात जोडताना नानजिंग मनात येत नाही अन् यायलाही नको, कारण ज्या बाईनं ते बांधलं तिनं काही कोणाला मारलं नव्हतं. दुसरं म्हणजे बाबासाहेबांनी १९५४ मध्येच राज्यसभेत भारत-चीनच्या पंचशील करारावर टीका केली होती, माओचा पंचशीलवर काडीचाही विश्वास नाही हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. म्हणजे बीजिंगच्या सरकारवर भरवसा ठेवू नका हे मलाही मान्य आहे. पण एखादा माणूस घरदार सोडून, बंदुकीशिवाय, बॉम्ब पडत असताना दुसऱ्या देशातल्या शेतकऱ्याच्या पोराचा पाय वाचवायला जातो, त्याची गोष्ट आपल्या पोरांना सांगितल्यानं सीमेवरचा जवान कमजोर कसा होते हे मला समजत नाही.

खामलावाला:
कमजोर होत नाही, हे मान्य. माझा आक्षेप विसरण्यावर आहे. मैत्रीचे कार्यक्रम होतात, भाषणात कोटणीस येतात आणि रेझांग ला चं नाव पण कोणी घेत नाही. भाऊ घरी येतो तेव्हा त्याला हेच जास्त लागते. हॉलला नाव द्यायचंच असेल तर त्याच मेडिकलच्या आवारात सीमेवर जखमींना सांभाळणाऱ्या आर्मी डॉक्टरांचा पण फलक लावा, मग मी स्वतः वर्गणी देतो.

महालकर:
हे मला एकदम पटलं. दोन्ही फलक. चोळकरांच्या फलकावर फक्त एक मागणं आहे, पाचही नावं लिहा. चार जण परत आले आणि कोटणीस तिकडेच राहिले, त्यांच्यावर १९४६ मध्ये सिनेमा निघाला म्हणून ते घराघरात पोचले, बाकीचे नाही. भाच्याला सांगितलंय, प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर नागपूर, सोलापूर, अलाहाबाद, कलकत्ता असा नकाशा काढ, आणि तिथून वूहानपर्यंत रेघ ओढ.