अनुभव धागा: सेरेनगेटीतल्या हंगामी तंबूत राहिला आहात?

टांझानियातल्या सेरेनगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात काही छावण्या वर्षातून जागा बदलतात. साधारण डिसेंबर ते मार्च दक्षिणेला न्दुटूजवळ, जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला कोगाटेंडेकडे, मारा नदीपाशी. विल्डबीस्टचे (गाईसारखं दिसणारं मोठं आफ्रिकी हरीण) फिरते कळप जिकडे, तिकडे तंबू. तिथून आलेल्यांकडून सिंह-चित्त्यांबद्दल खूप ऐकलं. आता मुक्कामाबद्दल ऐकायचंय. महिना कुठला होता, रात्र कशी गेली, म्हाताऱ्या माणसांना झेपेल का? मनापासून लिहा.

पुणे (फेब्रुवारी, न्दुटू)
आम्ही मुद्दाम पिल्लांच्या हंगामात गेलो. ज्वालामुखींच्या राखेची जमीन, त्यामुळे गवत आखूड पण क्षारांनी भरलेलं, आणि दूध देणाऱ्या माद्यांना तेच हवं असतं. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांतच जन्मतात. एकदम इतकी, की तरसं आणि सिंह खाऊन खाऊन किती खाणार! एक मादी आमच्यासमोर व्याली. पिल्लू पडत-धडपडत काही मिनिटांत उभं राहिलं, तेव्हा गाडीत कुणी बोलेना. बायकोच्या डोळ्यांना धार लागली होती.

पण मला जास्त आठवते ती रात्र. छावणीला कुंपण नाही. अंधार पडल्यावर एकट्याने तंबूबाहेर पडायचं नाही. टॉर्च दाखवला की राखणदार येतो आणि जेवणाच्या तंबूपर्यंत सोबत करतो. आत झोपलं की चारी बाजूंनी विल्डबीस्टचं घुमणं सुरू असतं, अखंड. मधेच तरसाची वर चढत जाणारी हाक. पहिल्या रात्री झोप लागली नाही, आणि लागावी असं वाटलंही नाही. पक्क्या लॉजमध्ये काचेमागे बसून हे मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

नैरोबी (सप्टेंबर, कोगाटेंडे)
इथे राहत असल्यामुळे मसाई मारा (केनियाच्या बाजूचं अभयारण्य) बऱ्याचदा झालं होतं, म्हणून या वेळी नदीच्या टांझानियाच्या बाजूने गेलो. कळप काठावर यायचा, पुढचे झेब्रे पाण्यापर्यंत उतरायचे आणि सगळे मागे फिरायचे. असं तासन्‌तास. कळप नदी ओलांडताना बघायचाच, असा हट्ट धरून कृपया येऊ नका. त्या हट्टापायी काय होतं ते मी पाहिलंय: एका गाडीने नेमकी उतरायची वाट अडवली, कळप बिथरला आणि दुसरीकडे सरळ कड्यावरून उड्या पडल्या. फार राग आला. आमच्या चालकाने गाडी लांब झाडीआड लावली होती आणि इंजिन बंद ठेवलं होतं. असा चालक मिळाला तर त्याला घाई करू नका, उलट त्याचे आभार माना.

ठाणे (सत्तरीतल्या सासूबाईंसह, फेब्रुवारी)
झेपतं. खरी पलंग-गादी असते, संडास तंबूलाच जोडलेला. अंघोळीचं पाणी सांगितलं की गरम करून आणतात, तंबूमागे टांगलेल्या बादलीत ओततात आणि वर साखळी ओढली की धार. पाणी मोजकंच, म्हणून आधी अंग भिजवून घ्यायचं, साखळी बंद, साबण, मग पुन्हा धार. सासूबाईंना हे लगेच जमलं. गावाकडे पाणी जपून वापरायची सवय. न्दुटू उंचावर आहे, पहाटे चांगलीच थंडी वाजते. रात्री अंथरुणात शेकायची पिशवी ठेवलेली असायची, त्यावर त्या बेहद्द खूश. त्रास झाला तो गाडीच्या धक्क्यांचा. कंबरेचं दुखणं असेल तर विमानाने जवळच्या धावपट्टीवर उतरा.

नाशिक
शाकाहारींनी घाबरू नये. स्वयंपाक्याने कोळशावर इतक्या मऊ चपात्या केल्या (ते लोकही चपातीच म्हणतात), सोबत नारळाच्या दुधातला राजमा, भात, भाज्या. फक्त आधी कळवा, कारण सामान लांबून येतं. आपला चिवडा-लाडू तंबूत ठेवू नका, वासाने जनावरं येतात. जेवणाच्या तंबूत देऊन टाका. आम्ही दिला तर दुसऱ्या दिवशी राखणदारांनी चिवड्याबद्दल आवर्जून विचारलं.

नैरोबी (पुन्हा)
दोन गोष्टी राहिल्या. छोट्या विमानांत सामान साधारण १५ किलोच चालतं आणि बॅग मऊ लागते, चाकांची कडक नको. केनियामार्गे येणार असाल तर पिवळ्या तापाची लस किमान १० दिवस आधी घ्या. टांझानियात शिरताना कार्ड बघतात आणि भारतात परततानाही. गडद निळे आणि काळे कपडे टाळा, त्से-त्से माश्या त्यांच्यावर धावतात आणि चावा जबर असतो.

कोल्हापूर
मुलांच्या सुट्टीमुळे आम्हाला मेच जमतो. तेव्हा तंबू असतात का?

पुणे
एप्रिल-मे मोठ्या पावसाचे महिने, बऱ्याच हंगामी छावण्या तेव्हा बंद असतात. काळ्या मातीत गाड्या रुततात. कळप तेव्हा मध्य आणि पश्चिम भागाकडे सरकत असतात, त्यामुळे मध्य भागातल्या सेरोनेराजवळ वर्षभर चालणारी छावणी बघा. गर्दी कमी असते, दरही उतरलेले असतात. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात येत असेल तर मात्र कोगाटेंडेच धरा, मुलांना हंगामी तंबू मिळेल.