कमी बजेटचा सिनेमा: दारूत बुडत चाललेला व्यावसायिक नाटकातला नट खरा कसा दाखवायचा?

पडद्यामागे

माझ्या सिनेमासाठी सल्ला हवा आहे. कथा थोडक्यात अशी. व्यावसायिक नाटकातला पस्तिशीचा नट. इतकी वर्षं दुय्यम भूमिका केल्या, आता पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली आहे. एका मालिकेसाठी त्याच्याकडे विचारणाही झाली आहे. रोज पितो, पण अजून कुणाच्या डोळ्यांवर आलेलं नाही. लांबी ८० ते ८५ मिनिटं, शूटिंग सोळा दिवस, पोस्टसकट (शूटिंगनंतरचं संकलन, ध्वनी वगैरे) हातात १८ लाख. ठिकाणं चारच: नाट्यगृह, मेकअप रूम, दौऱ्याची बस आणि एक भाड्याची खोली.

अडचणी:
- पिण्याचे अकरा प्रसंग आहेत. झोकांड्या आणि अडखळती जीभ हा साचा नको आहे.
- नाटकातल्या नाटकासाठी कुठली संहिता घ्यावी? हक्क विकत घेण्याइतके पैसे नाहीत.
- सिंक साउंडच करायचा आहे, म्हणजे संवाद शूटिंगच्या वेळीच ध्वनिमुद्रित करायचे. नाट्यगृहात काय काय आडवं येतं?
- सेन्सॉरला काय त्रास होऊ शकतो?

---

तिसरी घंटा

आधी पैशाचं गणित कथेत आणा, व्यसन आपोआप त्यातून दिसेल. नाटकातल्या नटाला पगार नसतो, 'नाईट' असते. प्रयोग झाला तर पैसे, रद्द झाला तर शून्य. म्हणून तो तापात उभा राहतो, तसा दारूतही उभा राहतो. निर्माता त्याला तोंडावर काढत नाही. रिप्लेसमेंटचा नट तालमीच्या हॉलवर गुपचूप तयार होत असतो आणि ही बातमी मूळ नटाला सगळ्यांत शेवटी कळते, बहुधा कपडेपट सांभाळणाऱ्याकडून. मालिकेकडे जायची घाईही तिथूनच दाखवता येईल, कारण तिकडे रोजाचे पैसे असतात. अर्थात तेही साधारण ९० दिवसांच्या उधारीवर. म्हणजे काम मिळालं तरी तीन महिने हात रिकामाच. या तीन महिन्यांत माणूस किती कर्ज करतो आणि किती पितो, एवढ्यावर मधला सगळा भाग उभा राहू शकतो.

संहितेसाठी लांब जायला नको. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' घ्या. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, त्यामुळे संहिता केव्हाच मोकळी झाली आहे. पदं वि. सी. गुर्जरांची आहेत. ते १९६२ मध्ये गेले, म्हणजे तीही २०२३ पासून मोकळी. मात्र कुठल्याही कंपनीचं ध्वनिमुद्रण उचलू नका, त्याचा हक्क वेगळा असतो. पद तुमच्या नटाकडून नव्यानं गाऊन घ्या, आणि अलीकडच्या कुणाची रंगावृत्ती (प्रयोगासाठी बेतलेली संहिता) किंवा नवी चाल वापरू नका. दारूत बुडणाऱ्या नायकाची, सुधाकराची, भूमिका करणारा नट स्वतःच पीत असणं जरा ढोबळ वाटेल. त्याला सुधाकर देण्याऐवजी सुधाकराला दारू पाजणारा तळीराम द्या. पाजणारा हसवतो, टाळ्या घेतो, आणि प्रेक्षकांना त्याच्याबद्दल शंका येत नाही.

नाट्यगृह सोमवार ते गुरुवार घ्या. शनिवार-रविवारच्या तारखा नाटकांकडे असतात. भाडं सत्रावर असतं, पण शूटिंगचा दर प्रयोगाच्या दरापेक्षा वेगळा असतो. अनामत, वीज, एसी यांची वेगळी आकारणी असते का तेही लेखी विचारून घ्या. पूर्ण सभागृह भरायच्या भानगडीत पडू नका. रंगमंचावरून प्रेक्षकांकडे बघताना दिव्यांच्या झोतामुळे नटाला पहिल्या तीन-चार रांगाच दिसतात. साठ माणसं पुढे बसवा, मागे काळोख.

---

शाकंभरी

व्यसनमुक्तीच्या कामातून लिहिते आहे.

झोकांड्या हा नवशिक्याचा नमुना. रोज पिणाऱ्याचं शरीर सरावलेलं असतं. तो पिऊन बिघडत नाही, पिऊन 'नीट' होतो. सकाळी हात कापतो, घाम येतो, उलटीची भावना होते. पहिला पेग पोटात गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत हात स्थिर होतो. तुमच्या कथेचा कणा हाच आहे, कारण याच वीस मिनिटांनंतर तो उत्तम काम करतो. महत्त्वाकांक्षा आणि व्यसन इथे एकमेकांच्या विरोधात नसतात, हातात हात घालून चालतात. प्रेक्षकालाही क्षणभर वाटलं पाहिजे की पिऊ दे बाबा, प्रयोग तरी निभेल.

बोलण्यात जीभ जड नको. असा माणूस उलट जास्त सांभाळून, शब्द सुटे करून बोलतो. बाटली कपाटात नसते. पाण्याच्या बाटलीत असते, मेकअप किटमध्ये. वासावर बडीशेप, लवंग, अत्तर. मेकअप रूममधल्या प्रत्येकाला तो वास ठाऊक असतो, बोलत कुणी नाही.

'ब्लॅकआउट' म्हणजे बेशुद्धी, असा सिनेमावाल्यांचा समज आहे. तसं नसतं. माणूस चालतो, बोलतो, पाठ असलेलं सगळं बरोबर करतो, फक्त मेंदूत त्याची नोंद होत नाही. तुमच्या नटानं एक प्रयोग अप्रतिम करावा, दुसऱ्या दिवशी सगळे त्याचं कौतुक करत असावेत आणि त्याला त्यातलं अक्षरही आठवू नये. याला एक रुपया जास्तीचा लागत नाही.

दारू अचानक तुटल्यावर काय होतं त्याचं घड्याळ पाळा. कापरं, घाम, झोप उडणं हे ६ ते २४ तासांत. झटके आले तर बहुधा ४८ तासांच्या आत. भास, भ्रम, ताप, आपण कुठे आहोत याचं भान सुटणं हे ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नसतील तर माणूस दगावू शकतो. शेवटच्या घोटानंतर तासाभरात भिंतीवर मुंग्या दाखवल्या की ज्यांच्या घरात हे घडलंय त्या प्रेक्षकांचा विश्वास तिथेच उडतो.

दौरा आहेच, तर वर्ध्याला न्या. तो दारूबंदीचा जिल्हा. चोरून मिळते, पण परक्या नटाला लगेच कुठे मिळणार? गुरुवारी रात्री अकराला बसमध्ये शेवटचा घोट, शुक्रवारी सकाळी हात कापतात, शनिवारी रात्रीच्या प्रयोगात विंगेत नसलेली माणसं दिसायला लागतात. गणित बरोबर बसतं.

आणि एक विनंती. बायकोनं जेवणात गुपचूप गोळी कालवली आणि दारू सुटली, असं दाखवू नका. ती गोळी म्हणजे डायसल्फिराम. पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. रुग्णाला न सांगता देणं धोक्याचं आहे, तरी घराघरांत ते होतं. दाखवायचंच असेल तर त्याचा परिणामही दाखवा.

---

बूमवाला

सेटवरचं सांगतो.

व्हिस्की म्हणजे कोरा चहा. एक लिटर पाण्यात एक सपाट चमचा चहापूड, दोन मिनिटं, गाळून खोलीच्या तापमानाला आणा. फ्रिजमध्ये ठेवू नका, कडक चहा गार झाला की गढूळ होतो आणि क्लोजअपमध्ये कळतं. रमसाठी आदल्या रात्री उघडा ठेवून बुडबुडे घालवलेला कोला. देशीसाठी साधं पाणी. अकरा प्रसंग म्हणजे टेक किती होतील ते मोजा. सायंकाळपर्यंत नटाच्या पोटात दीड लिटर चहा जातो आणि भलत्याच कारणानं हात कापायला लागतात. दुपारनंतर पाणी घातलेला सफरचंदाचा रस द्या. कॅमेऱ्यामागे थुंकायला बादली ठेवा. प्रत्येक टेकला ३० मिली, ग्लासच्या मागच्या बाजूला चिकटपट्टीची खूण, टेक संपला की मोबाइलवर फोटो. खरी दारू सेटवर कुणाच्याही बॅगेत नको. युनिटमध्ये दारू सोडलेलं कुणी असू शकतं.

बर्फ ॲक्रिलिकचा. खरा बर्फ वितळून पातळी बदलतो आणि संवादावर किणकिणतो. ग्लासाखाली फेल्टचा तुकडा लावा. ओतण्याचा, टोपण उघडण्याचा आवाज नंतर फोलीत, म्हणजे स्टुडिओत वेगळे आवाज भरताना, करता येतो. त्याच्याखाली दबलेला संवाद मात्र परत मिळत नाही.

कापऱ्या हातासाठी नटाला अभिनय करू देऊ नका, खोटा दिसतो. टेकच्या आधी मिनिटभर पाच किलोचं डंबेल हात पुढे करून धरायला सांगा. नंतरची थरथर बारीक आणि खरी असते. तीसुद्धा हातावर न दाखवता वस्तूवर दाखवा: बशीतला कप, कुलपातली किल्ली, आयलायनरची रेघ. घामासाठी ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात, बाटलीतून फवारा. लाल डोळ्यांसाठी मेन्थॉलची कांडी डोळ्याखाली, डोळ्यात नाही.

मेकअप रूमच्या आरशाभोवतीचे स्वस्त एलईडी बल्ब कॅमेऱ्यात लुकलुकतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, सिनेमा २४ फ्रेमचा, म्हणून शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा. तरी पट्टे दिसले तर ते बल्ब काढून फिलामेंटचे ४० वॉटचे लावा. डिमरवर छान दिसतात, पण दहा बल्ब म्हणजे ४०० वॉटची शेगडीच, मेकअप वितळतो. शॉट नसेल तेव्हा बंद. आरसा दोन-तीन अंश तिरका केला की कॅमेरा प्रतिबिंबातून बाहेर जातो.

नाट्यगृहात सगळ्यांत मोठा शत्रू एसी. टेकला बंद, मध्ये चालू. हे वेळापत्रकात धरा, नाहीतर प्रोडक्शन मॅनेजर आणि साउंडवाला यांची रोज भांडणं. दुसरा शत्रू डिमर रॅकची, म्हणजे दिवे मंद-प्रखर करणाऱ्या यंत्राची, गुणगुण. मायक्रोफोनच्या तारा लाइटच्या तारांना समांतर टाकू नका, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. कुजबुजीवरून एकदम पल्लेदार स्वगतावर जाणारा नट आहे, तर ३२-बिट फ्लोटवाला रेकॉर्डर घ्या, तो हळू आणि मोठा दोन्ही आवाज न फाटता टिपतो. प्रत्येक ठिकाणाचा मिनिटभर निव्वळ खोलीचा आवाज घेतल्याशिवाय युनिट हलवू नका.

---

पडद्यामागे

तळीरामाची आणि ब्लॅकआउटची सूचना घेतोच. दोन गोष्टी राहिल्या. नायक सिगारेट ओढतो आणि बॅकस्टेजचा म्हातारा तंबाखू मळतो. हे ठेवावं का? आणि शेवट व्यसनमुक्ती केंद्रात आहे, खऱ्या केंद्रात शूट करता येईल का?

---

कातरकाम

सिगारेट-तंबाखू काढा. नैतिकतेचा प्रश्न नाही, संकलनाचा आहे. २ ऑक्टोबर २०१२ पासूनच्या नियमांनुसार पडद्यावर तंबाखू दिसला की सुरुवातीला आणि मध्यंतराला ३० सेकंदांची आरोग्यफीत, शिवाय दोन्ही वेळा २० सेकंदांचा दृक्श्राव्य इशारा, आणि प्रसंग चालू असेपर्यंत खाली ठळक अक्षरांत सूचना. वर तंबाखू का आवश्यक आहे याचं लेखी समर्थन. मळलेला तंबाखू आणि गुटखाही यात येतो, हे मराठी सिनेमावाले हमखास विसरतात. हर्बल सिगारेटनं सुटका होत नाही, पडद्यावर ती सिगारेटच दिसते. पोस्टरवर तर चालतच नाही. ८० मिनिटांच्या सिनेमात तुमच्या सर्वोत्तम क्लोजअपखाली पांढऱ्या पट्टीवर काळी अक्षरं धावणार. म्हाताऱ्याला सुपारी कातरू द्या.

दारूसाठी सेन्सॉरच्या १९९१ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. पिण्याचं समर्थन किंवा उदात्तीकरण नको, एवढाच मुद्दा. तुमचा विषय बघता त्यात अडकू नये, पण इशाऱ्याची ओळ टाकायला सांगतील हे धरून चाला. बाटल्यांवर खरी लेबलं नकोत. स्वतः छापा आणि एकसारख्या सहा बाटल्या करा, फुटतात. २०२४ च्या नियमांपासून यूएमध्ये (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या सिनेमांचं प्रमाणपत्र) ७+, १३+, १६+ अशा पायऱ्या आहेत. १६+ चं लक्ष्य ठेवा. 'ए' (फक्त प्रौढांसाठी) मिळालं तर टीव्हीचा रस्ता बंद, आणि या बजेटला तोच रस्ता लागतो. शिव्यांचे पर्यायी संवाद शूटिंगच्या दिवशीच ध्वनिमुद्रित करून ठेवा. महोत्सवांत दाखवायला प्रमाणपत्राऐवजी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट चालते, ती आयोजक घेतात.

पैसे: १८ पैकी ११ शूटिंगला, ५ पोस्टला, २ हात न लावता बाजूला. २५ माणसं, माणशी ३५० रुपये जेवण-चहा, सोळा दिवस, म्हणजे १ लाख ४० हजार फक्त खाण्याचे. यात कपात करू नका, तिसऱ्या दिवशी युनिट सुस्तावतं. २४ फ्रेम ४के ऑल-इंट्रा (प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणारा प्रकार) २४० एमबीपीएसनं तासाला १०८ जीबी होतात. रोज दोन तासांचं फुटेज धरलं तर साडेतीन टीबी. तीन प्रती, तीन वेगळ्या ड्राइव्हवर, त्यातली एक रोज सेटबाहेर घरी.

---

शाकंभरी

सुपारीचाही कर्करोगाशी संबंध आहे, कातरकाम. म्हाताऱ्याला चणे-फुटाणे द्या.

केंद्राबद्दल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जच्या व्यसनाशी निगडित अवस्थाही येतात, आणि उपचार घेणाऱ्याचं छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. चालू केंद्रात कॅमेरा नेऊच नका. रिकामी शाळा किंवा धर्मशाळा घ्या: ओळीनं लोखंडी खाटा, भिंतीवर दिनक्रमाचा तक्ता, सकाळची प्रार्थना, श्रमदान, गटचर्चा. पाहायला आणि बोलायला मात्र केंद्रात जरूर जा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय. परवानगी घेऊन, कॅमेरा घरी ठेवून जा. पहिल्या आठवड्यात खाटेला बांधलेला, ओरडणारा रुग्ण दाखवायचा मोह होईल. चांगल्या केंद्रात तो गोळ्यांखाली असतो. दारू तुटल्याचा त्रास शमवणारं क्लोरडायझेपॉक्साइड, त्याचा रोज कमी होत जाणारा डोस, थायमिनची (ब-१ जीवनसत्त्व) इंजेक्शनं. तो बहुतेक वेळ झोपतो, खातो, कंटाळतो.

शेवट केंद्रातून बाहेर पडताना करू नका. खरी परीक्षा पहिल्या नाईटच्या पाकिटाची: हातात रोख, रात्रीचे साडेबारा, आणि बसमध्ये सगळे आपापल्या ग्रुपात.

---

तिसरी घंटा

हे पाकीट व्यवस्थापक मेकअप रूममध्येच देतो, बसमध्ये नाही, आणि सहीही घेतो. तेवढं बदला, बाकी मान्य.

शूटिंगच्या क्रमाबद्दल: दाढी वाढलेला भाग आधी उरका, गुळगुळीत चेहरा नंतर. उलट केलं तर खोटी दाढी चिकटवत बसाल. आणि प्रेक्षकांच्या टाळ्यांचे शॉट सकाळी पहिले घ्या. फुकट आलेली साठ माणसं दुपारच्या जेवणानंतर वीस उरतात. टाळ्या तीन प्रकारच्या घ्या: विरळ, भरघोस आणि पडदा पडल्यावरच्या. प्रत्येकी दोन मिनिटं, एसी बंद करून.