मदत हवी आहे: मुंबई–न्यूयॉर्क, खरे किती तास धरायचे?

ठाणेकर मंडळी, सत्तरीच्या आईबाबांसाठी जानेवारीचं तिकीट काढायचंय. सरळ हवाई अंतर सुमारे 12,550 किमी. ताशी 900 ने भागलं की 14 तास येतात, आणि तिथेच फसगत होते. जाताना जेट स्ट्रीम (उंचावरचा पश्चिमेकडून वाहणारा वेगवान वारा) समोरून येतो, हिवाळ्यात तर जोरात, त्यामुळे साडेपंधरा-सोळा तास धरावे लागतात. येताना तोच वारा पाठीशी असतो.

तिकिटावर रात्री 1:30 ला सुटून त्याच तारखेला सकाळी 7 ला पोहोच दिसते. साडेपाच तास नव्हेत हे. हिवाळ्यातला साडेदहा तासांचा फरक मिळवला की 16. शिवाय 12 तारखेचं 1:30 म्हणजे घर 11 तारखेलाच सोडायचं, इथे भलेभले चुकतात.

दुबईमार्गे अंतर जेमतेम 400 किमी वाढतं, पण मधला थांबा वेळ खातो. आईचे गुडघे दुखतात, म्हणून विचारते: सलग सोळा तास बरे, की मध्ये तीन-चार तास पाय मोकळे केलेले? व्हीलचेअर सांगितली तर थांब्यावर दुसऱ्या विमानापर्यंत नीट नेतात का? आणि घोडबंदर रोडवरून टर्मिनल 2 ला रात्री साडेदहाला पोहोचायचं, तर किती वाजता निघावं?