मराठी संवादांच्या आरपीजी गेमसाठी कोणतं इंजिन?

दोघंच आहोत: कोड माझा, चित्रं बहिणीची. घाटवाटांवरचा टूडी आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम), आळीपाळीची लढाई. संवाद मराठीतच, तिथे तडजोड नाही. गेम बनवायचं इंजिन कोणतं घेऊ, आरपीजी मेकर की गोडो?

> आरपीजी मेकरमध्ये लढाई, नकाशे, सामानाची यादी तयार मिळते. पण त्याची एमव्ही ही आवृत्ती संवाद एकेक अक्षर सुटं रंगवते, वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात. मराठीसाठी मी ते घेणार नाही.

> गोडो, पण 4.0 (2023) किंवा पुढचंच. त्याआधी देवनागरी नीट जुळत नव्हती. परवाना एमआयटी, म्हणजे मुक्त वापराचा, विक्रीतून हिस्सा द्यावा लागत नाही.

अक्षरं टाइप होत दिसायला हवीत, जमेल?

> जमेल. रिचटेक्स्टलेबलमध्ये (गोडोचा मजकूर दाखवणारा घटक) दिसणाऱ्या अक्षरांची मोजणी शेपिंगनंतर, म्हणजे अक्षरं जुळवून झाल्यावर, ठेवा. आधी 'ज्ञानेश्वर', 'क्षत्रिय' टाकून बघा, मगच नकाशे काढा.