मान आपोआप उजवीकडे वळते. माझ्याकडून काय चुकलं?

सायली४६:
गेले सात महिने माझी मान आपोआप उजवीकडे वळते. आधी वाटलं, झोपेत अवघडली असेल. मग केस विंचरताना लक्षात आलं की भांग रोज वाकडा पडतोय, कारण आरशात सरळ बघताच येत नाहीये. नवल म्हणजे हनुवटीला नुसतं बोट टेकवलं की मान सरळ होते. बोट काढलं की पुन्हा तेच. न्यूरॉलॉजिस्टनी सर्व्हायकल डिस्टोनिया, म्हणजे मानेचे स्नायू आपोआप आखडून मान वळण्याचा आजार सांगितलाय, पुढच्या महिन्यात बोटॉक्सची इंजेक्शनं आहेत.

उपचारांचं कळलं. पण रात्री डोक्यात एकच चालू असतं, हे माझ्यामुळे झालं का? वीस वर्षं ऑफिसात फोन खांद्यात आणि कानात धरून बोलत आले. चार वर्षांपूर्वी मागून गाडी आदळली तेव्हा मानेला चांगलाच हिसका बसला होता. आईचे हात थरथरायचे. पोटासाठी वर्षभराहून जास्त एक गोळी चालू आहे. यातलं नेमकं काय? मुलगी २२ वर्षांची आहे, तिला धोका आहे का?

दिगंबर:
ताई, मला हेच दुखणं ४४व्या वर्षी लागलं, आता १२ वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मीही अशीच स्वतःची झडती घेत होतो. कुठल्या उशीवर झोपलो, कुठली बॅग उचलली, सगळं. म्हणून आधी हे ऐका: तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही.

गोळीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात, मी मात्र तिथूनच सुरुवात करेन. ती कुठली आहे? मळमळ, ॲसिडिटीवरच्या काही गोळ्यांत मेटोक्लोप्रामाइड किंवा लेव्होसल्पिराइड असतं. ही औषधं मेंदूत डोपामिनचं, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवायला मदत करणाऱ्या रसायनाचं, काम अडवतात. महिनोन्‌महिने घेतली तर मान, जबडा, जीभ यांच्या नको त्या हालचाली सुरू होऊ शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्ये मेटोक्लोप्रामाइडवर ठळक इशारा छापायला लावला, त्यात १२ आठवड्यांपेक्षा जास्त वापर टाळा असं सांगितलंय. मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही हे होतं, पण ती कुणीही आपल्या मनाने बंद करू नयेत. वय, घराणं यांना आपण काही करू शकत नाही. औषध डॉक्टरांना बदलता येतं, म्हणून इतकं लावून धरतोय.

अपघाताचं जरा जपून घ्या. ज्याला आजार होतो तो मागचा एकेक धक्का आठवून बघतो, ज्याला काही झालं नाही तो विसरून जातो. त्यामुळे हा दुवा पक्का धरता येत नाही. शिवाय इजेनंतर लगेच काही दिवसांत आखडलेली मान बहुधा अडकूनच राहते, बोट टेकवून सुटत नाही. तुमची सुटते, आणि मध्ये तीन वर्षांहून जास्त काळ गेला.

फोनचं म्हणाल तर एकच हालचाल वर्षानुवर्षं केल्याचा संबंध हाताच्या डिस्टोनियात दिसतो. सतत लिहिणाऱ्यांची, वादकांची बोटं ऐन कामाच्या वेळी वळतात. मानेबद्दल तसं ठामपणे म्हणता येत नाही.

आईच्या थरथरीबद्दल डॉक्टरांना जरूर सांगा. पण मोठेपणी सुरू होणाऱ्या डिस्टोनियात बहुतेकांच्या घरात दुसऱ्या कुणाला हा आजार नसतो, माझ्याही घरात नाही. जनुकात दोष असला तरी आजार होतोच असं नाही. लहानपणी सुरू होणाऱ्या एका प्रकारात तो दोष असलेल्या शंभरातल्या तीसएक जणांनाच आजार होतो. मुलीच्या डोक्यात आत्तापासून ही धास्ती घालू नका.

रेवा:
दिगंबरजींशी सहमत. एक सांगते, कंपवाताची माहिती वाचून ती स्वतःला लावू नका. मी बाबांसाठी ते सगळं वाचलंय. तिथे पॅराक्वाटसारखी तणनाशकं, डोक्याला मार, वाढतं वय हे धोके येतात. बाबांना कित्येक वर्षं आधीच वास येईनासा झाला होता. झोपेत ते गुद्दे मारायचे, आई पलंगाच्या कडेला सरकून झोपायची. आम्हाला वाटायचं, वाईट स्वप्नं पडतात. ती आजाराची चाहूल होती. तुमचा आजार वेगळा, त्याची कारणंही वेगळी.

सायली४६:
औषधांचा डबा उपसला. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात ॲसिडिटीच्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड लिहिलंय. जुनी चिठ्ठी काढून मोजलं, १४ महिने झाले. मान वळायला लागली तेव्हा गोळी सुरू होऊन सात महिने झाले होते.

न्यूरॉलॉजिस्टनी चालू औषधं विचारली तेव्हा मी फक्त थायरॉइडची गोळी सांगितली. पोटाची काय सांगायची, असं वाटलं. आत्ताच फोन केला, त्यांनी गुरुवारी बोलावलंय. पाकीट आणि चिठ्ठी दोन्ही पर्समध्ये ठेवलीत.