संदिग्ध प्रश्न आणि प्रॉक्टरला विचारायची शंका

परीक्षेवर देखरेख करणारा प्रॉक्टर काहीच सांगत नाही, तेव्हा त्याला विचारण्यात वेळ घालवू नये, असे एक मत ऐकायला मिळते; ते मला अर्धेच पटते. सीसीआयई लॅबमध्ये (सिस्कोच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राच्या लॅब परीक्षेत) प्रॉक्टर उत्तर सांगत नाही हे खरे. पण प्रश्नातल्या शब्दांचा अर्थ त्याला विचारता येतो, फक्त शंका नेमकी मांडावी लागते. सरावातले एक उदाहरण देतो (खऱ्या परीक्षेतले देण्याची गोपनीयतेच्या करारामुळे सोय नाही). 'लूपबॅकचे नेटवर्क शेजारच्या राउटरवर /24 म्हणून दिसावे' एवढीच अट होती (लूपबॅक म्हणजे राउटरमधला आभासी इंटरफेस; /24 म्हणजे 256 पत्त्यांचा गट, तर /32 म्हणजे एकच पत्ता). ओएसपीएफ हा राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचा प्रोटोकॉल लूपबॅक मुळात /32 म्हणून जाहीर करतो, म्हणून मी कनेक्टेड रूट (राउटरला थेट जोडलेला मार्ग) रीडिस्ट्रिब्यूट केला, म्हणजे बाहेरून ओएसपीएफमध्ये घातला, /24 दिसले आणि समाधानाने पुढे गेलो. तो मार्ग टेबलात 'ओ ई२', म्हणजे एक्स्टर्नल (ओएसपीएफबाहेरून आलेला), असा उमटला होता, याकडे मी काणाडोळा केला. पुढे तीच एरिया (ओएसपीएफ नेटवर्कचा एक विभाग) स्टब करायची अट आली, आणि स्टब एरियात एक्स्टर्नल मार्ग चालत नसल्याने तो नाहीसा झाला. लूपबॅकचा नेटवर्क टाइप पॉइंट-टू-पॉइंट केला असता तर तो एरियाअंतर्गत मार्ग म्हणूनच /24 दिसला असता आणि एका ओळीत दोन्ही अटी पुऱ्या झाल्या असत्या. अशा वेळी 'हे बरोबर आहे का?' असे न विचारता 'मार्ग एक्स्टर्नल दिसला तर चालेल, की एरियाअंतर्गतच हवा?' असे विचारावे.

सगळे प्रश्न आधी वाचून घ्यावेत, असाही सल्ला दिला जातो; तो मात्र पाच तासांच्या प्रात्यक्षिक भागापुरताच घ्यावा, कारण 2020पासूनच्या तीन तासांच्या डिझाइन भागात मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही.