घरची बिअर पार्टीला नेताना: फेस, गाळ आणि गॅस

घरी केलेली, गॅस (कार्बन डायऑक्साइड) भरलेली बिअर पार्टीच्या ठिकाणी धड पोचवायची आणि वाढताना ग्लासभर फेस येऊ द्यायचा नाही, यासाठी तुम्ही काय करता? केग (दाब सहन करणारी बिअरची धातूची टाकी), बाटली, ग्राउलर (बिअर न्यायचा मोठा जार), काहीही चालेल. फक्त आकडे लिहा. 'थोडासा गॅस' वगैरे नको.

केगमास्तर
तळाशी यीस्टचा गाळ असलेला केग हलवूच नये. एकदा हिंदकळला की बिअर गढूळ झालीच. स्वच्छ बिअर दुसऱ्या केगमध्ये काढून तो न्यायचा. आधी रिकामा केग भांडी निर्जंतुक करायच्या सॅनिटायझरने काठोकाठ भरा आणि ते गॅसच्या दाबाने बाहेर काढा, म्हणजे आत हवा उरत नाही. मग दोन्ही केगचे बिअरचे पोस्ट (बिअर बाहेर येण्याची तोंडं) एकाच नळीने जोडा. नव्या केगमध्ये आधीच पहिल्याइतका दाब हवा, १२ पीएसआय (दाबाचं एकक) तर १२. नाहीतर बिअर आत शिरतानाच फेसाळते. आता नव्या केगचा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब सोडायची झडप) किंचित सैल करा. वेग तिथूनच ठरतो, घाई केलीत तर फेस. बिअर थंडगार असेल तर केगवर बाहेरून दव धरतं, त्याच्या रेषेवरून पातळी कळते.

तिसरा ग्लास
वरच्याला जोड: गाडीत ठेवण्यापूर्वी गॅसचा आणि बिअरचा, दोन्ही डिस्कनेक्ट (नळ्यांचे जोड) काढा. पिकनिक टॅपच्या (नळीच्या टोकाच्या तोटीच्या) खटक्यावर एखादी पिशवी टेकली तर अख्खा केग डिकीत रिकामा होतो.

हॉपवेडा
फेसाचं मूळ बहुतेक वेळा तापमानात असतं. ४ अंश सेल्सिअसला २.५ व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या अडीचपट) गॅस बिअरमध्ये टिकायला साधारण ११-१२ पीएसआय लागतात. तीच बिअर २० अंशांवर गेली की २८ च्या आसपास. म्हणून केग बर्फातच न्या आणि पोचल्यावर तासभर तसाच राहू द्या. हिंदकळून झालेले बारीक बुडबुडे तेवढ्यात विरतात. मग वरचा दाब सोडून ४-५ पीएसआयवर वाढा. वाढायची नळी आतून ३/१६ इंची, दीड मीटरची चालेल. १२ वर वाढायचं तर तीन मीटर. नळीसुद्धा बर्फात ठेवा, गरम नळीतून पहिला ग्लास फेसाचाच येतो. बिअर उरली तर दाब परत १२ वर न्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती मिळमिळीत.

सोळा ग्रॅम
गॅसचा सिलिंडर नको असेल तर छोट्या रेग्युलेटरवर (दाब ठरवणाऱ्या उपकरणावर) गॅसची १६ ग्रॅमची काडतुसं चालतात. १९ लिटर बिअर १२ पीएसआयने ढकलायला चार-पाच लागतात, त्यामुळे सहा न्या. सिलिंडर नेणार असाल तर आधी व्हॉल्व्ह बंद करा, मग रेग्युलेटर काढा, उभा बांधा, खिडकी थोडी उघडी ठेवा. गळती झाली तर बंद गाडीत कार्बन डायऑक्साइडने जीव गुदमरतो. उन्हात उभ्या गाडीत तर सोडूच नका.

गाळबहाद्दर
दहा-बारा जणांसाठी केग कशाला? सोड्याच्या प्लास्टिकच्या (पेट) बाटल्या आणि कार्बोनेशन कॅप (गॅसची नळी जोडता येणारं झाकण) पुरे. थंड बिअर भरा, बाटली दाबून हवा काढा, कॅप लावून ३० पीएसआयने फुगवा. काचेचा ग्राउलर मात्र दाबासाठी बनवलेला नसतो. त्यात तयार बिअर तळापर्यंत नळी घालून भरा, फेसावरच झाकण लावा आणि दोन दिवसांत संपवा. बाटलीतच गॅस धरलेली बिअर असेल तर तीन दिवस आधी फ्रिजमध्ये उभी ठेवा, उभीच न्या आणि ओतताना तळाचा एक सेंटिमीटर सोडून द्या.